दुसऱ्या दिवशीचा आकडा

रात्री साडेदहाला उदगीरची लाईट गेली.
इन्व्हर्टरनं एक सुस्कारा टाकला
आणि लॅपटॉप, पंखा, माझी चूक
तिन्ही चालू राहिले.

माझी चूक: रोज नऊ लाख घनमीटर.
विहीर इथून बाराशे किलोमीटरवर, समुद्राच्या तळाखाली.
मी ती पाहिलेली नाही.
तिचा फक्त दाब येतो माझ्याकडे, दर तासाला एक ओळ.
परवा तिनं चार लाखही दिले नाहीत.

महबूबचाचा फोन चार्जिंगला लावायला आले.
अडतीस वर्षं रिग चालवली त्यांनी,
देवणी, जळकोट, पार अहमदपूरपर्यंत काळा दगड फोडला.
एका कानानं ऐकतात, दुसरा कॉम्प्रेसरला देऊन टाकला.

"काय करूलालीस गं राजे, एवढ्या रातीला?"
बोअर मोजतेय, चाचा. पाण्याची नाही, वायूची.
"वायूला डबा कसा लावतीस?"

मी सांगत गेले.
खोल दाबाखाली असतो तोवर तो सगळा वायूच,
हलका, एकजीव.
आपण तोंड उघडतो, ओढतो,
तोंडाशी दाब पडतो
आणि एका आकड्याखाली गेला की
त्यातलंच जे जड
ते थेंब होऊन सुटतं,
दगडाच्या बारीक भोकांत बसतं.
बाहेरून काही आलेलं नसतं. ना गाळ, ना माती.
वायूहून महाग असं पातळ तेल
वायूचीच वाट अडवून बसतं.

"म्हणजे कफ," चाचा म्हणाले.

"मग थांबीव की.
बोअर दमली की आम्ही रातभर सोडून द्यायचो,
सकाळी भरलेली."

इथं त्यांचा दगड आणि माझा दगड वेगळे होतात.
ही बंद ठेवली तर दाब परत चढतो,
थेंब चढत नाहीत.
तोंडाशी आता त्यांचीच गर्दी;
पुन्हा विरून जायला पुरेल इतका वायू
आसपास उरलेला नाही.
ते बराच वेळ पंख्याकडे बघत होते.
"बसलेलं उठत न्हाई, म्हण."

मी नऊ लाख खोडले.
एक विहीर एकाच बेरजेत मांडली होती;
आता तीन कडी केली.
दूरच्या कड्यात नुसता वायू, त्याला अजून काही कळलेलं नाही.
मधल्यात थेंब, पण जागचे न हलणारे,
वाट अरुंद करून बसलेले.
आणि आत, शेवटच्या तीस फुटांत,
दोघंही एकाच भोकातून निघायला बघतात.
एवढी लांब वाट, आणि निम्म्याहून जास्त दाब
त्या तीस फुटांत खर्ची पडतो.
अगदी तोंडाला टेकून, हातभर अंतरात,
वायूचा वेग इतका
की तो थेंबांनाच ओढून नेतो. तेवढा दिलासा.
त्यालाही एक गुणक असतो,
तो किती धरायचा यावर शहाणी माणसं भांडतात.
साहेब म्हणतील वरचा धर.
मी मधला धरला.

तीन लाख साठ हजार.

"नवावरनं?"
नवावरनं.

चाचा हसले नाहीत.
म्हणाले, हाळीत एका मंगल कार्यालयाला
मी तीन इंच पाणी सांगितलं होतं.
पहिल्या तासाचं मोजून.
पंगत उठली, नळाला रांग लागली
आणि पाणी सव्वा इंचावर.
वऱ्हाडातली माणसं उष्टे हात वर धरून उभी,
आणि मालक मला हुडकूलाला.
"तवापासनं मी दुसऱ्या दिवशीचा आकडा सांगायचो.
गिऱ्हाईक कमी झालं. शिव्या बी."

मी मेल लिहिला. विषयाच्या जागी
काय लिहावं सुचेना, तारीख टाकली.
पाठवायच्या बटणाशी बोट थोडं थांबलं,
ते आपलं तसंच.

फोन एकोणीस टक्क्यांवर आला होता.
चाचांनी पिन काढली, वायर गुंडाळली.
अजून राहू द्या, म्हटलं.
"पुरे," म्हणाले, "झोपेपर्यंत पुरतंय."